शहाण्णव आणि सत्त्याण्णवच्या मधे

मुहर्रकच्या जुन्या बाजारामागे एक बाई घर रिकामं करत होत्या.
पलंग, शिलाई मशीन, कॉफीच्या तीन चोचदार किटल्या
आणि चादरीत गुंडाळलेला हा.
"वडिलांचा," म्हणाल्या, "आम्हाला कधी हात लावू दिला नाही."
पंधरा दिनार. मी घासाघीस केली नाही,
आणि वैजूला सात सांगितले.

नऊ किलो. वजनकाट्यावर मीच ठेवून पाहिला.
पुढून ॲल्युमिनियम, बाजूंना अक्रोडाचं लाकूड,
पाठीवर छापलंय एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर,
म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी मोठा,
पण त्याचं एकही बटण कुरकुरत नाही.

नुसता ट्यूनर आहे, हे समजावता समजावता दमलो.
कॅसेट नाही, सीडी नाही, स्वतःचा आवाजसुद्धा नाही,
तो शेजारच्या ॲम्प्लिफायरकडून उसना.
याला एकच काम येतं: ऐकणं.
"म्हणजे तुझ्या अगदी उलट," वैजू म्हणाली.

मेनेझिसने दुकानाचं शटर अर्धं ओढून
दोन संध्याकाळी त्याचं पोट उघडं ठेवलं.
मेलेले दिवे काढले, फुगलेले कपॅसिटर काढले,
मग प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने कॉइलला पाव फेरा,
जरासा उलटा,
आणि वर न बघता म्हणाला,
"श्वास रोखू नका साहेब, त्याने काही फरक पडत नाही."

गच्चीवर पाण्याच्या टाकीला तांब्याची तार बांधली.
तिथे पन्नासेक बशा आकाशाकडे तोंड करून बसलेल्या,
ही एकटी क्षितिजाकडे बघते.

दिवसा मी सुयाच बघतो.
समुद्र गोड करायच्या कारखान्यात
दाब, क्षार, तापमान, दर तासाला नोंद, खाली सही.
रात्री ही सुई.
झुकली तर झुकली, हिची नोंद कुणाला द्यायची नाही.

नॉबला टिचकी द्यावी,
तर आतल्या जड चक्राच्या जोरावर
अख्खी पट्टी घरंगळत ओलांडतो.
मल्याळी जाहिराती, कुराणपठण, दम्मामचा कुणी डॉक्टर मधुमेहावर,
आणि दर दोघांच्या मधे ती खरखर,
जी आता कुठेच मिळत नाही.
फोनमध्ये देवरुख रोज येतं,
कुणाचं बारसं, कुणाच्या फाटकाला नवा रंग,
इतकं लख्ख, की लांब आहे असं वाटतच नाही.
तेच सलतं.

काचेवर एक ठिपका होता.
नेलपॉलिशचा, लाल, शहाण्णव आणि सत्त्याण्णवच्या मधे.
तिथे तर काहीच लागत नाही.
"स्पिरिट लावा, निघेल," मेनेझिस म्हणाला होता.
मी फडकं हातात घेतलंही होतं एकदा.

मग ऑगस्ट. दाराबाहेर पाऊल टाकलं की चष्मा आंधळा.
एसीखालची बादली दोनदा ओतून झाली.
पावणेदोनला, झोप नाही म्हणून, म्यूटिंग बंद केलं
आणि सुई ठिपक्याखाली नेली, उगाच.

खरखर दुभंगली.
बाईचा आवाज. फारसी.
संथ, कुणाला आग्रहाने वाढत असावी तसा.
दमट हवेच्या पाठीवर बसून, सगळं पाणी ओलांडून.
मीटर अर्ध्यावर. स्टिरिओचा लाल दिवा
लागला, गेला,
लागला
आणि राहिला.

त्या घराच्या दारावरची पाटी आठवली. बुशेहरी.
तेव्हा नुसतं आडनाव वाटलं होतं.

वैजू उठून आली. "कोण बोलतंय?"
"ठाऊक नाही."
"काय म्हणतेय?"
"ठाऊक नाही."
ती पाय वर घेऊन शेजारी बसली,
आणि थोड्या वेळाने, सगळं कळत असल्यासारखी,
एकदा "हं" म्हणाली.

सव्वातीनला दिवा विझला.
बाई आधी विरळ झाली, मग एकेक शब्द उरली, मग तेही नाही.
आम्ही खरखर ऐकत बसलो.

"सात दिनारला?" वैजूने विचारलं,
न हसता.